‘सोपी सर्जरी’ शिकायला इतकी वर्षं कशाला?

स्तनाच्या कर्करोगाची ऑपरेशनं करणारा सर्जन कसा तयार होतो, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या डॉक्टर हीच ऑपरेशनं करतात आणि शिकाऊ सर्जनना शिकवतात.

मी बारावी सायन्सला आहे. मला ब्रेस्ट कॅन्सर सर्जन व्हायचंय. त्यासाठी सुरुवातीपासून वेगळा कोर्स असतो का? एकूण किती वर्षं लागतात?

वेगळा कोर्स सुरुवातीपासून नसतो आणि नाही तेच बरं. आधी डॉक्टर, मग सर्जन आणि मग स्तनाच्या कर्करोगाचा सर्जन, हा क्रम बहुतेक सगळीकडे सारखाच आहे. वर्षांचा हिशेब देशागणिक बदलतो. भारतात इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएसची ३ आणि पुढे सर्जिकल ऑन्कोलॉजीत, म्हणजे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत, एमसीएच करायचं तर आणखी ३. मधे प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जातो तो काळ वेगळा. अमेरिकेत आधीच्या पदवीनंतर मेडिकल कॉलेजची ४ वर्षं, जनरल सर्जरीची रेसिडेन्सी ५ वर्षं आणि त्यावर फक्त स्तनाच्या आजारांसाठी साधारण वर्षभराची फेलोशिप, म्हणजे खास प्रशिक्षण, असते. ब्रिटनमध्ये जनरल सर्जरीच्या लांबलचक प्रशिक्षणातच शेवटची काही वर्षं स्तनाच्या शस्त्रक्रियेवर भर देता येतो.

मधली जनरल सर्जरीची वर्षं अनेकांना नकोशी वाटतात. ‘मला स्तनाचंच काम करायचंय, तर रात्री दोन वाजता फुटलेलं अपेंडिक्स का काढत बसू?’ असं मला विद्यार्थी विचारतात. पण रक्त थांबवायला, नाजूक ऊती न चिरडता धरायला आणि पेशंट अचानक खालावला तर डोकं शांत ठेवायला तिथेच शिकता येतं. तुला माझा एकच आग्रह आहे. मेडिकलला गेलीस की पॅथॉलॉजी हा विषय नुसता पास होण्यापुरता करू नकोस. या आजारातले आमचे निम्मे निर्णय मायक्रोस्कोपखालच्या उत्तरावर ठरतात. तो रिपोर्ट स्वतः समजून घेता न येणारा सर्जन दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो.

मी जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीनियर म्हणतात, मास्टेक्टॉमी (स्तन काढण्याचं ऑपरेशन) तर कुणीही करतं, ती सोपी सर्जरी आहे, तिच्यासाठी फेलोशिप म्हणजे वर्ष वाया. त्यात खरंच वेगळं शिकण्यासारखं काय आहे?

डॉक्टर, हे वाक्य मी माझ्या शिकण्याच्या काळापासून ऐकत आलेय आणि आजही मला त्याचा राग येतो. पोट उघडायचं नाही, छाती उघडायची नाही, पेशंट बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जाते, म्हणून सर्जरी ‘सोपी’. स्तन काढून टाकणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही, हे खरं आहे. पण तो काढायचा की ठेवायचा, ठेवायचा तर गाठ कशी काढायची, काखेत हात घालायचा की नाही, हे ठरवता येणं म्हणजे ही शाखा.

थोडा इतिहास बघा. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या रॅडिकल मास्टेक्टॉमीचे निकाल मांडले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. आजार गाठीपासून पायरीपायरीने पसरतो, तेव्हा जितकं जास्त काढू तितकं बरं, असा तेव्हाचा समज. पुढची सत्तरेक वर्षं बायकांनी या ऑपरेशनचे परिणाम भोगले : खोल गेलेली छाती, सुजलेला हात, न उचलला जाणारा खांदा. मग पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी या दोन सर्जननी हा समज चाचण्यांवर घासून बघितला. व्हेरोनेसींची चाचणी १९७३ मध्ये सुरू झाली, फिशर यांची १९७६ मध्ये. दोन्हींचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तन वाचवलेल्या आणि स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन न दिलेल्या गटात ३९.२ टक्के बायकांच्या त्याच स्तनात आजार उलटला. रेडिएशन दिलेल्या गटात हे प्रमाण १४.३ टक्के होतं. म्हणजे स्तन वाचवायचा तर सर्जनला रेडिएशनचं गणितही कळायला हवं.

आता काखेकडे, म्हणजे तिथल्या लसग्रंथी काढण्याकडे येऊ. माझ्याकडे येणारे बहुतेक फेलो मास्टेक्टॉमी करून आलेले असतात, पण काखेत त्यांचा वेग एकदम मंदावतो, आणि तो मंदावायलाच हवा. तिथे तीन नर्व्ह जपायच्या असतात. लाँग थोरॅसिक छातीच्या भिंतीला चिकटून खाली उतरते. ती कापली गेली तर खांद्याचं हाड पाठीतून पंखासारखं बाहेर येतं आणि हात वर नेणं कठीण होतं. थोरॅकोडॉर्सल पाठीच्या रुंद स्नायूला जाते. उद्या त्याच स्नायूने स्तनाची पुनर्रचना करायची वेळ आली तर ही नर्व्ह आणि तिच्यासोबतच्या रक्तवाहिन्या शाबूत हव्यात. तिसरी इंटरकॉस्टोब्रॅकियल, आडवी जाणारी. ती गेली की दंडाची आतली बाजू बधिर पडते. ‘त्याने काय होतं’ असं म्हणत पुष्कळ जण ती कापतात. पुढची कित्येक वर्षं तो बधिरपणा पेशंटच्या वाट्याला येतो. मी फेलोला सांगते, भूलतज्ज्ञांना आधीच विनंती करा की या टप्प्यावर स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उरलेला नको. मग चिमट्याच्या टोकाने लाँग थोरॅसिकला हलकेच स्पर्श केला की तिचा स्नायू टचकन हलतो. तो हलताना पाहिला की मगच पुढे सरकायचं.

आणि आता तर बहुतेक वेळा पूर्ण काख साफ करायचीच नसते. स्तनातल्या लसद्रवाचा (लिम्फचा) निचरा काखेतल्या ज्या ग्रंथीकडे सगळ्यात आधी जातो, ती शोधायची आणि तिथे आजार पोचलाय का ते बघायचं. हीच सेंटिनेल नोड बायोप्सी. १९९० च्या दशकात डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि आर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरून ती स्तनासाठी रुळवली. निळं औषध एरिओलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, जवळ टोचायचं, काही मिनिटं स्तन चोळायचा, मग काखेत छोटा छेद घेऊन निळसर झालेली लसवाहिनी शोधायची. ती दोऱ्याइतकी बारीक असते. ओढाताण केली तर तुटते आणि सगळीकडे निळं होऊन बसतं. तिचा माग काढत ग्रंथीपाशी पोचायचं. शिकायच्या गोष्टी इथे संपत नाहीत. या औषधाने ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा खोटाच खाली उतरू शकतो, तेव्हा भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा. लघवी हिरवी-निळी होते, तेही पेशंटला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर बिचारी घाबरते. आणि सेंटिनेल ग्रंथीत आजार सापडला तरी प्रत्येकीची काख साफ करावी लागत नाही. स्तन वाचवून संपूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार असेल आणि एक-दोनच सेंटिनेल ग्रंथी बाधित असतील, तर उरलेल्या ग्रंथी तशाच ठेवल्याने जगण्यावर परिणाम होत नाही, हे झेड-००११ या चाचणीने २०११ मध्ये दाखवलं. हे ठाऊक नसलेला सर्जन मन लावून, अगदी स्वच्छ हाताने, पेशंटला नको असलेलं ऑपरेशन करतो.

आणखी एक बारीक गोष्ट. गाठ बाहेर काढली की तुमच्या हातात एक पिवळट गोळा येतो. त्याची वरची बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, हे पाच मिनिटांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून तो टेबलावर ठेवण्याआधीच टाके घालून खूण करायची : वरच्या बाजूला आखूड दोरा, काखेच्या बाजूला लांब. पॅथॉलॉजिस्ट त्या गोळ्याच्या कडांना शाई लावतात. आक्रमक, म्हणजे आजूबाजूच्या ऊतींत शिरलेल्या, कर्करोगात शाईला कर्करोगाच्या पेशी टेकलेल्या नसतील तर कडा स्वच्छ मानायच्या, असं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं. शाईला पेशी टेकल्या तर पुन्हा ऑपरेशन, आणि तेव्हा नेमकी कुठली कड पुन्हा काढायची हे त्या दोन दोऱ्यांवरून कळतं. खुणेचा दोराच नसेल तर चारी बाजूंनी कापत बसावं लागतं. मोठी गाठ काढूनही स्तनाचा आकार राखायचा असेल तर ऑन्कोप्लास्टी यावी लागते, म्हणजे प्लास्टिक सर्जनची नजर आणि त्यांच्याच काही पद्धती. फेलोशिपमध्ये माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याला द्यावा. ऑपरेशनच्या आधी पेशंटला उभं करून, मार्करने छातीवर रेघा आखायच्या. आडवं झाल्यावर स्तन बाजूला सरकतो आणि सगळी मापं चुकतात.

तेव्हा वर्ष वाया जात नाही. तुमच्या सीनियरना एवढंच विचारा की त्यांच्या किती पेशंटचा स्तन वाचला आणि किती जणींचा हात सुजला.

माझ्या मुलाला ही शाखा घ्यायची आहे. पण पुरुष सर्जनकडे बायका येतील का? त्याने दुसरं काही निवडावं का?

येतात. काही बायकांना स्त्री सर्जनच हवी असते, आणि ती निवड त्यांची आहे, तिचा मान ठेवायचा. पण मला घडवणाऱ्यांत पुरुष सर्जन होते. तपासण्याआधी परवानगी मागणं, सोबत नर्सला उभं ठेवणं, ज्या बाजूची तपासणी चालू नाही ती झाकून ठेवणं, हे मी त्यांच्याकडूनच उचललं. आणि स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो, एकूण रुग्णांत त्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असलं तरी. मुलाला जाऊ द्या.

माझी गाठ चार सेंटिमीटरची आहे. सर्जन म्हणतात, आधी केमो, मग ऑपरेशन. त्यांचा हात आखडतोय की काय अशी शंका येते. सर्जनचं शिक्षण पुरेसं आहे हे आम्ही कसं ओळखायचं?

ताई, तुमचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय तुमच्या उपचारांवर मी बोलणार नाही. पण आधी केमो देणं हे हात आखडल्याचं लक्षण मुळीच नाही. कर्करोगाच्या हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह या प्रकारांत (बायोप्सीच्या रिपोर्टवरून ते कळतात), गाठ जरा मोठी असेल किंवा काखेत आजार असेल तर, हा क्रम पुष्कळदा मुद्दाम निवडला जातो. गाठ आकसली तर स्तन वाचवायची शक्यता वाढते, आणि औषध लागू पडतंय की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं. उद्याच्या उद्या कापून टाका म्हणणाऱ्या पेशंटला थांबवून हे समजावणं सर्जनला जास्त जड जातं.

शिक्षण ओळखायचं तर पदव्यांच्या पाटीपेक्षा उत्तरं बघा. सुईची बायोप्सी ऑपरेशनआधी झाली का? तुमची केस पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, केमो आणि रेडिएशनवाले डॉक्टर यांच्यासमोर एकत्र मांडली गेली का? आम्ही त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतो. आणि एक अगदी नेमका प्रश्न विचारा : ‘केमो सुरू होण्याआधी गाठीत क्लिप बसवणार का?’ केमोने गाठ पूर्ण विरघळली तर नंतर कुठली जागा काढायची हे त्या तांदळाच्या दाण्याहून लहान क्लिपवरूनच कळतं. ज्यांनी हे आधीच ठरवलंय, त्यांनी तुमच्या ऑपरेशनचा विचार पुढच्या कित्येक महिन्यांपर्यंत केलाय. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. चांगला सर्जन त्यासाठी तुमच्या हातात कागद आणि स्लाइड स्वतः देतो.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ हे सांगायचं सर्जनना कुणी शिकवतं का, की ते अनुभवानेच येतं?

नुसत्या अनुभवाने येत नाही. वर्षानुवर्षं वाईट पद्धतीने सांगत राहिलेले अनुभवी लोक मी पाहिलेत. हे शिकवता येतं. बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली यासाठी स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. जागा शांत आहे ना ते बघा, पेशंटला आत्तापर्यंत काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायची तयारी आहे ते विचारा, मग सोप्या शब्दांत सांगा, भावनांना जागा द्या आणि शेवटी पुढे काय करायचं ते एकत्र ठरवा.

माझ्या ओपीडीत नवा फेलो सुरुवातीचे काही आठवडे फक्त ऐकतो. मग तो बोलतो आणि मी ऐकते. नंतर आम्ही दोघं दार लावून त्यावर बोलतो. बहुतेकांची अडचण तीच असते : ‘कॅन्सर’ शब्द उच्चारला की समोरची शांतता सहन होत नाही आणि ते घाईघाईने ग्रेड, रिसेप्टर, ऑपरेशनची तारीख, सगळं ओतून मोकळे होतात. त्यातलं पेशंटच्या कानापर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून मी सांगते, तो शब्द बोललात की थांबा. पाण्याचा ग्लास पुढे करा, फोन उचलू नका, दाराकडे बघू नका. पुढचं वाक्य पेशंटला बोलू द्या. तिचा पहिला प्रश्न बहुधा आजाराबद्दल नसतो. मुलांचं काय, नोकरीचं काय, नवऱ्याला कसं सांगू, असं काहीतरी असतं. त्याचंच उत्तर आधी द्यायचं. ऑपरेशनचं बोलणं दोन-चार दिवसांनी, घरचं कुणी सोबत असताना, पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही नर्स होणार आहात तर यात तुमचा वाटा फार मोठा आहे. सर्जन खोलीतून निघून गेल्यावर पेशंट जे विचारते, ते तुम्हाला विचारते. ते लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीआधी सर्जनच्या टेबलावर ठेवा. माझ्यासोबत काम करणाऱ्या सिस्टर हे करतात, आणि तो कागद वाचल्याशिवाय मी पेशंटला आत बोलावत नाही.