फायनान्समध्ये पीएच.डी. करायची आहे. विभाग निवडताना प्राध्यापकांचे पुरस्कार बघावेत की अनुदानित प्रकल्प?

तुम्ही लिहिलंय की मुंबईतल्या दोन विभागांमध्ये निवड करायची आहे. एकाकडे पुरस्कार मिळवलेले प्राध्यापक भरपूर, दुसऱ्याकडे पुरस्कार फारसे नाहीत पण आयसीएसएसआरचे, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अनुदानाचे, प्रकल्प चालू आहेत. घरचे म्हणतात पुरस्कारवाला घ्या, आणि स्टायपेंडचं काय, असंही विचारलंय. पहिल्या भागापुरतं घरच्यांचं ऐकू नका. प्रकल्पवाला विभाग घ्या.

पीएच.डी.ला नाव नोंदवायच्या आधी मी अशाच एका प्रकल्पावर सहायक होते. विभाग मुंबईतलाच, नाव सांगत नाही. विषय होता बाजारातले छोटे विक्रेते पैसा कुठून उचलतात आणि कुठे ठेवतात. पिग्मी, भिशी, पतपेढी, नातेवाईक आणि रोज वसुलीला येणारा सावकार, हे सगळं त्यात आलं. आमच्या मॅडमनी दादर निवडलं होतं. पहाटेच्या घाईत तिथे कुणी तोंड वर करून बोलत नाही, त्यामुळे आम्ही गिऱ्हाईक ओसरल्यावर जायचो, पाटीशेजारी उकिडवं बसून प्रश्नावली भरायचो.

प्रश्नावलीत एक रकाना होता, ‘कर्जाचा वार्षिक व्याजदर’. जो तो सांगायचा दहा टक्के. आम्हीही दहा लिहीत सुटलो होतो. मग कोथिंबीर-मिरची विकणाऱ्या एका मावशींनी पिशवीतून वसुलीचं कार्ड काढून दाखवलं. बारीक चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात तारीख आणि वसुलीवाल्याची सही. हजाराचं कर्ज, हातात नऊशे, मग रोज दहा रुपये असे शंभर दिवस. “हजाराला शंभर गेले, म्हंजी धाच टक्के की गं,” मावशी म्हणाल्या. आता तुम्ही फायनान्सवाले आहात, मांडून बघा. हातात आलेले नऊशे, त्यातली मुद्दल पहिल्या दिवसापासून कमी होत जाते, आणि मुदत जेमतेम सव्वातीन महिने. साध्या व्याजाने धरलं तरी वर्षाचा दर पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. हे कर्ज आपल्याला महागात पडतंय, हे मावशींना पक्कं माहीत होतं. पण पहाटे माल उचलायला रोकड लागते आणि त्या वेळेला कुठल्या बँकेचं शटर उघडं नसतं.

मॅडमनी ते कार्ड बघितलं आणि व्याजदराचा रकानाच काढून टाकला. त्या जागी तीन साधे प्रश्न घातले. हातात किती आले, रोज किती देता, किती दिवस? आधी भरलेले सगळे फॉर्म घेऊन आम्ही पुन्हा त्याच लोकांकडे गेलो. हे करता आलं, कारण क्षेत्रकामासाठी अनुदानात पैसे होते. पदरमोड करून संशोधन करणारा माणूस तिथे ‘दहा टक्के’ लिहून मोकळा झाला असता, आणि तो आकडा पुढे दहा जणांनी उद्धृत केला असता.

त्याच सुमारास विभागातल्या एका सरांना एका परिषदेत उत्कृष्ट शोधनिबंधाचा पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, विभागात सत्कार. निबंध तयार डेटाबेसमधून उतरवलेल्या शेअरच्या भावांवर होता, त्यात गैर काही नाही. पण स्टाफरूममध्ये चहा घेताना सर मला म्हणाले, “तुमचं हे प्रोजेक्ट म्हणजे कारकुनी. संशोधन कल्पनेतून होतं.” मी तेव्हा सहायक, ते प्राध्यापक. गप्प बसले.

आज उत्तर देते. 1960 साली शिकागो विद्यापीठात जेम्स लोरी आणि लॉरेन्स फिशर या दोघांनी मेरिल लिंच या दलाली कंपनीच्या अनुदानावर एक काम हाती घेतलं. न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या समभागांचे 1926 पासूनचे महिन्यामहिन्याचे भाव गोळा करायचे, लाभांश आणि बोनस-विभाजन जमेस धरायचं, चुका शोधायच्या. निव्वळ कारकुनी! 1964 मध्ये त्यांचा निबंध आला आणि समभागांनी दीर्घ मुदतीत किती परतावा दिला, हे पहिल्यांदा नीट मोजलेलं समोर आलं. तोच साठा, सीआरएसपी नावाचा, पुढे जगभरच्या फायनान्सवाल्यांचा कच्चा माल झाला. शिकागोचेच अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी बाजाराच्या कार्यक्षमतेवर, म्हणजे उपलब्ध माहिती भावात कितपत उतरलेली असते यावर, जे काम केलं, त्यातला मोठा भाग या आकड्यांवर उभा आहे. फामांना नोबेल मिळालं 2013 मध्ये. अनुदान आधी आलं, आकडे मग आले, पुरस्कार पन्नास वर्षांनी आला. सर, हा क्रम आहे.

पैशाची दुसरी बाजूही बघून ठेवा, कारण ती तुमच्या अंगावर येणार आहे. अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, ठरलेल्या 12-अ नमुन्यात गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. खर्चाच्या एका शीर्षाचे पैसे दुसऱ्या शीर्षात परस्पर वळवता येत नाहीत, खात्यावर साठलेलं व्याजसुद्धा दाखवावं लागतं. आमची फाइल लेखा विभागात अडकली ती टॅक्सीभाड्यावर. पावत्या आणा म्हणे. मुंबईत टॅक्सीवाला पावती देतो का? तोवर आम्हा सहायकांचं मानधन थांबलेलं. शेवटी मी प्रत्येक फेरीचा तक्ता केला, कुठून कुठे, किती वाजता, कोणते फॉर्म भरले, त्यावर मॅडमची सही घेतली आणि लेखाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसून राहिले. यूसी गेलं. त्या तक्त्याचा मला आजही अभिमान आहे. पुढे माझ्या प्रबंधातलं क्षेत्रकामाचं प्रकरण त्याच सवयीवर निघालं.

तेव्हा दोन्ही विभागांत जा आणि प्राध्यापकांना नंतर भेटा, आधी प्रकल्पावरच्या मुलामुलींना कँटीनमध्ये गाठा. मानधन वेळेवर मिळतं का, डेटा प्रकल्प संपल्यावर कुणाकडे राहतो, तुमच्या प्रबंधासाठी वापरू देतात का, निबंधावर सहायकाचं नाव लागतं का, हे विचारा. सीएमआयई या संस्थेचं प्रोवेस, म्हणजे भारतीय कंपन्यांच्या आर्थिक आकड्यांचा डेटाबेस, विभागात चालू आहे की वर्गणी संपली, तेही बघा. कंपन्यांच्या आकड्यांवर काम करायचं असेल तर त्याच्यावाचून अडतं आणि एकट्या विद्यार्थ्याच्या खिशाला ते झेपत नाही. कालिन्याला जे. पी. नाईक भवनात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथेही एक चक्कर मारा.

पुरस्कार सगळे सारखे नसतात, हेही सांगायला हवं. अमेरिकन फायनान्स असोसिएशनचं फिशर ब्लॅक पारितोषिक चाळिशीच्या आतल्या संशोधकाच्या एकूण कामाला देतात. ते पहिल्यांदा 2003 मध्ये रघुराम राजन यांना मिळालं, जे दहा वर्षांनी आपल्या मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेत, गव्हर्नर म्हणून आले. असा पुरस्कार असलेला माणूस मार्गदर्शक म्हणून मिळत असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि पळत जा. पण नोंदणी शुल्क भरून गेलेल्या परिषदेत प्रत्येक सत्रात एक ‘उत्कृष्ट’ वाटतात, ते वेगळं. परदेशात पोस्ट-डॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेला, अर्ज करायचा असेल तर चांगल्या नियतकालिकातला निबंध दोन्हींपेक्षा वरचढ ठरतो, आणि अनुदान असूनही वर्षानुवर्षं काही न छापणारे विभाग मी पाहिलेत.

स्टायपेंडचं थोडक्यात. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, असेल तर 2023 पासून महिना 37 हजार, विभाग कुठलाही असो. नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांपैकी तुम्ही ज्यात बसता तिथल्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. प्रकल्पाच्या मानधनावर घरभाडं काढायचा बेत मात्र करू नका, पुढचा हप्ता कधी येईल ते मॅडमनाही माहीत नसतं.