वाचनालयात मुलांचा स्वयंपाकवर्ग घ्यावा का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी पुण्यात सहकारनगरच्या बाजूला एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. मे महिन्यात ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी पाच दिवसांचा स्वयंपाकवर्ग घ्यायचा विचार आहे. पण कार्यकारिणीतले दोघंजण म्हणतात की वाचनालयात फोडण्या कशाला, अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं वैतागतील, आणि गॅस तर नकोच. इंडक्शन आणू का? आणि खरंच हे वाचनालयाचं काम आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर पक्कं असलं की कार्यकारिणीशी बोलणं सोपं जातं. हो, आहे. पण वर्गाची सुरुवात कपाटापासून झाली तरच. तुमच्याकडे ड्युई वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार नंबर देण्याची पद्धत, असेल तर पाककृतींची पुस्तकं ६४१.५ ला असणार, पहिल्या दिवशी मुलांना तो नंबर द्या आणि पुस्तक त्यांनाच शोधू द्या. मग एकाने कृती मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकून सामान मांडायचं, आणि सगळं वाचून झाल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. मी असे वर्ग घेतलेत, आणि एरवी पुस्तकाकडे न बघणारी मुलं "पाऊण वाटी म्हणजे किती" यासाठी तीच ओळ तीनतीनदा वाचताना मी पाहिलीयेत. एका मुलीने विचारलं, चिमूटभर म्हणजे कुणाची चिमूट, माझी की आजीची? मग सगळ्यांनी आपापल्या चिमटीतलं मीठ ताटलीत ठेवून शेजारीशेजारी बघितलं, अर्धा तास त्यातच गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

गॅस नकोच, इथे कार्यकारिणीचं बरोबर आहे. इंडक्शन आणलं तर आधी वायरिंग बघून घ्या. २००० वॅटची शेगडी साधारण ९ अँपिअर खेचते, ती साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर लावायची नाही, १६ चा पॉइंट लागतो, आणि जुन्या इमारतीत तो बरेचदा नसतोच. पण मला विचाराल तर शेगडीशिवाय भरपूर होतं. पन्हं, काकडीची कोशिंबीर, भेळ, रवीने घुसळलेलं ताक, दडपे पोहे. दडप्यांची फोडणी कुणीतरी घरून करून आणायची, म्हणजे अभ्यासिकेचाही प्रश्न मिटला. कापायला लहानांना बोथट सुरी आणि केळं किंवा उकडलेला बटाटा, धारदार सुरी फक्त मोठ्यांकडे.

आता दाण्यांबद्दल, हे मी फार कळकळीने सांगतेय. आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट इतका मुरलेला असतो की तो आपल्याला दिसतच नाही. माझ्या एका वर्गात मी कोशिंबिरीत कूट घातला, आणि एका मुलाला दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे हे त्याच्या ताईने दारातून ओरडून सांगितलं तेव्हा चमचा त्याच्या तोंडापाशी होता. फॉर्ममध्ये मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून दाणे, तीळ, काजू, दूध असं एकेक नाव लिहून विचारते आणि कूट वर्गातच आणत नाही, तुम्हीही आणू नका.

वेळ सकाळी साडेआठ ते दहा ठेवा. पुण्यात मे महिन्यात बारा वाजता काय होतं ते तुम्हाला माहितीये, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असलं की दह्याची कोशिंबीर किंवा शिजवलेला पदार्थ तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये, त्यामुळे डबे भरून घरी न्यायचे नाहीत, जे केलं ते तिथंच खायचं. जागा मात्र पुस्तकांपासून लांब, अंगण किंवा व्हरांडा असेल तर उत्तमच. सांडलेला चुरमुरा लगेच उचलला नाही तर मुंग्या आणि झुरळं कपाटापर्यंत पोचतात, आणि झुरळं पुस्तकांची बांधणीसुद्धा कुरतडतात. शेवटची पंधरा मिनिटं पुसायला राखून ठेवा, ते मुलांनीच करायचं.

पहिल्या दिवशी पन्हंच घ्या. कैऱ्या आदल्या संध्याकाळी घरी उकडून फ्रीजमध्ये ठेवा, गरम कैरी मुलांच्या हातात देता येत नाही. गार झालेली साल अंगठ्याने दाबली की गर सुळकन बाहेर येतो, तो वाटीने मोजायचा आणि गराच्या दुप्पट गूळ, मग मीठ नि वेलची. गूळ आधीच किसून न्या, मुलांच्या हाताने ढेप फुटत नाही.