शटरवर कागद लावून भागत नाही हो दादा

दादा, नेरुळचं पडद्यांचं दुकान रिडेव्हलपमेंटमुळे दोन सेक्टर पलीकडे नेताय आणि वडील म्हणतात शटरवर कागद चिकटवला की झालं, सोशल मीडिया कशाला, हे वाचलं आणि आमची ठाण्याच्या नौपाड्यातली दिवाळी आठवली. आमचं पोळीभाजी-फराळाचं दुकान, तेपण असंच हलवावं लागलेलं. आम्हीपण कागदच लावलेला. आठ दिवसांत दुकानापुढे बांधकामाचे पत्रे लागले आणि कागद गेला पत्र्यामागे.

अकाउंट कसं उघडायचं ते घरातलं कोणीही पोरगं सांगेल. आमचं तर फेसबुक पेज होतं, इन्स्टापण होतं, पण एका एजन्सीने ते स्वतःच्याच ईमेलवरून उघडलेलं आणि आम्ही साधे अ‍ॅडमिनसुद्धा नव्हतो, हे कळलं कधी तर पत्ता बदलायची वेळ आली तेव्हा. फोन केला की ‘मॅडम, टीमला सांगतो’. मग म्हणे आधी वर्षाचे पैसे भरा. तोवर लोक पेजवर विचारतायत चकली काय भाव, दुकान बंद झालं का, आणि उत्तर द्यायला कोणी नाही. एक जुन्या काकू नंतर गावदेवीला भेटल्या, म्हणाल्या, अगं विचारलं होतं तुला, बोलली नाहीस म्हणून दुसरीकडून घेतला फराळ. पैशापेक्षा ते लागलं. अजून त्या एजन्सीचा विषय निघाला की आमचे हे चहा टाकून उठतात. असो.

मी काही एक्स्पर्ट नाही, आणि पडद्यांचं गिऱ्हाईक वेगळं असेल, पण माझ्या मते हे सगळं जाहिरातीसाठी नाहीच, विचारलं की उत्तर मिळावं म्हणून हवं. रील नाही काढलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, वेगळ्या सिमवर, आणि सिम तुमच्या नावावर, दुकानातल्या पोऱ्याच्या नाही. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो, त्याच्या एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून आत्तापासून प्रत्येक पिशवीवर नंबर छापा, तोंडानेपण सांगा सेव्ह करा म्हणून. ग्रुप नको, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, वर गुड मॉर्निंगचा पाऊस. गूगल मॅपवरचा पत्तापण त्याच दिवशी बदला.

आणि गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही ठेवाच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडलेले, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या डब्यांसाठी वहीत बघून एकेकाला फोन केलेत मी.

वडिलांचा कागदपण लावा. फक्त पत्रे लागले की बाहेरच्या बाजूने परत चिकटवा.