मावशीचा सल्ला: ३१ मुलांत माझी एक मुलगी

मावशी, सलाम.

आम्ही अहिल्यानगरचे. माझे मिस्टर पाळक आहेत. केनियात किसुमूपासून तासाभरावर एक बालगृह आहे, त्याचं सगळं काम आम्ही दोघं बघतो. ३१ मुलं आहेत. पहाटे साडेचारला उठते, कोळशाच्या शेगडीवर उजी चढवते (आपल्या पातळ लापशीसारखी असते), मग आंघोळी, गणवेश, भांडणं. सातला सहा मुलांच्या एचआयव्हीच्या गोळ्या. गिळल्या का, ते तोंड उघडायला लावून बघावं लागतं. दुपारी बाजार, दवाखाना, हिशेब. संध्याकाळी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमाची पालेभाजी, अभ्यास, प्रार्थना, मच्छरदाण्या. डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत १९ मुलं आजीकडे, काका-आत्याकडे जातात, तेव्हा कुठे आम्हाला पुरेशी झोप मिळते. मला स्वतःची दोन मुलं. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. गेल्या महिन्यात मुलीला मलेरिया झाला. दोन दिवस तिनं ताप अंगावर काढला, मला सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणाली, “तुला वेळ नव्हता. आणि मला काय, मला आईबाबा आहेत.” नाताळला सासूबाईंनी तिच्यासाठी फ्रॉक पाठवला होता, तो मी इथल्या एका मुलीला दिला. तेव्हापासून ती गप्प गप्पच असते. सासूबाई म्हणतात, तिला शिकायला माझ्याकडे पाठव. हे म्हणतात, आपण देवाचं काम करतोय, आपल्या लेकरांचं देव बघेल. मी नक्की कुणावर अन्याय करतेय? मुलीला पाठवू का?

— शिणलेली आई

*

बाळ, सलाम.

आधी फ्रॉकचं बोलू. तो आजीनं नातीसाठी पाठवला होता, तिच्या मापाचा. तो दुसरीला देऊन टाकायचा हक्क तुला नव्हता. स्वतःची साडी दिली असतीस तर ते तुझं दान झालं असतं. इथं दिलं तुझ्या मुलीनं, आणि तिला कुणी विचारलंही नाही. आता तो परत मागू नकोस, ज्या पोरीच्या अंगावर आहे तिचा काय दोष? पण तुझ्या मुलीला बाजूला घेऊन माफी माग. “तिच्याकडे काहीच नव्हतं गं” एवढं वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस. तेच ऐकत ती ११ वर्षांची झाली आहे. तिला कुलपाचं एक कपाट दे, किल्ली तिच्याकडे राहू दे. त्यातलं काय वाटायचं आणि वाटायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. तिनं काहीच वाटलं नाही तरी तोंड वाकडं करू नकोस.

फ्रॉकपेक्षा मला तापाची काळजी जास्त वाटते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा तुमचा भाग म्हणजे केनियातला मलेरियाचा सगळ्यांत वाईट पट्टा. तिथं मुलानं दोन दिवस ताप लपवणं किती महागात पडू शकतं, हे तुला मी सांगायला नको. आईबाबा असलेल्या मुलानं काही मागायचं नसतं, असा हिशेब तुझ्या मुलीनं मांडला आहे. तो तिला कुणी शिकवला नाही. रोज रांगेत सगळ्यांत शेवटी उभं राहून ती तो आपोआप शिकली. तेव्हा आजपासून घरात एक नियम कर: अंग गरम लागलं की त्याच दिवशी बोटातलं रक्त तपासायचं. तुझी दोन धरून ३३च्या ३३ मुलांना हा नियम लागू. त्यासाठी तुला वेळ आहे की नाही, हे बघत कुणी थांबायचं नाही.

आणि रात्रीची प्रार्थना झाली की तुमच्या खोल्यांचं दार लागलं पाहिजे. अर्धा तास पुरे. त्या वेळात बाहेर मुलं सांभाळणाऱ्या बायकांपैकी एकजण असेल, आणि फेफरं किंवा रक्त यांखेरीज दार वाजणार नाही. आत मराठी बोला, पत्ते खेळा, नुसते लोळा. पहिले आठ दिवस तुला गुन्हा केल्यासारखं वाटेल. वाटू दे.

आता, मुलीला सासूबाईंकडे पाठवायचं का? सध्या नको. सासूबाईंच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण आज ती गेली तर ‘बाकीच्यांना ठेवून घेतलं, मला पाठवलं’ एवढंच तिच्या डोक्यात राहील. दोन वर्षांनी तिला स्वतःहून जावंसं वाटलं तर तेव्हा बघू. या सुट्टीत महिनाभर पाठव, परतीचं तिकीट आधी काढून. तिला ते तिकीट दाखव.

पण त्याआधी तुझ्याच पत्रातली एक गोष्ट तुला दाखवते, तुझ्या नजरेतून ती सुटलेली दिसते. सासूबाई म्हणतात, नात माझ्याकडे राहू दे. डिसेंबरात १९ मुलं कुणाकडे जातात? आजीकडे, काका-आत्याकडे. अगं, त्या आज्यांचं म्हणणं तुझ्या सासूबाईंपेक्षा वेगळं असेल का? ज्या मुलाला सुट्टीत महिना-दीड महिना खाऊ घालणारं आणि झोपायला जागा देणारं कुणीतरी आहे, त्याला अनाथ म्हणायचं का, हे मला कळत नाही. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा बाप, एक जरी गेला तरी मूल अनाथांत धरलं जातं, आणि त्या आकड्यातल्या बहुतेक मुलांचा एक पालक हयात असतो. बालगृहाच्या फाटकावर ‘अनाथ’ अशी पाटी लागली की हे बारकावे पुसले जातात.

तुमच्या बालगृहाच्या स्थापनेचं वर्ष तू लिहिलेलं नाहीस. पण किसुमूभोवतीच्या त्या न्यान्झा भागात बरीच बालगृहं एड्सनं माणसं पटापट जात होती त्या काळातली आहेत. तेव्हा उरलेल्या आज्यांच्या पदरात एकेका घरात पाच-सहा नातवंडं होती. त्या वेळी ज्यांनी दार उघडलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या, केडगावला त्यांचं घर उभं केलं. त्या मुलींना परत पाठवायचं कुठं, हा प्रश्न तेव्हा नव्हताच. पण २००३-०४ नंतर एचआयव्हीची औषधं हळूहळू खेड्यांपर्यंत पोचली. आता गोळ्या घेणारी आई वीस वीस वर्षं जगते, शेत करते. आज तुमच्या फाटकाशी मूल येतं ते बऱ्याचदा गणवेश, परीक्षेची फी आणि दोन वेळचं जेवण यांच्यासाठी. केनियात २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही, पण गणवेश आणि बाकीचा खर्च घरालाच करावा लागतो. आजीला तो झेपत नाही आणि बालगृहाला झेपतो, म्हणून मूल बालगृहात येतं.

आणि तुमची मुलं बहुतेक तिथल्या लुओ जमातीची असतील, तर एक गोष्ट तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. मुलगा वयात आला की वडिलांच्या वाड्यात त्याची स्वतःची झोपडी उभी राहते, सिंबा. जमिनीवरचा हक्क, लग्न, मेल्यावर पुरायची जागा, सगळं त्या वाड्याशी बांधलेलं. जो मुलगा दहा वर्षं तुमच्या डॉर्मिटरीत वाढला, त्याला १८व्या वर्षी तुम्ही हातात बायबल आणि ट्रंक देऊन कुठं पाठवता? त्याचे चुलते तोवर ती जमीन कसायला लागलेले असतात. इंग्रजी चांगलं येतं, पण वाड्यात त्याला ओळखणारं कुणी नाही. तुझ्या पत्रात १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांबद्दल एक ओळही नाही. त्यांचं काय झालं, ते एकदा शोध.

फाटकावर बहुधा याकोबाच्या पत्रातलं वचन असेल, पहिल्या अध्यायातलं २७वं, अनाथांचा संकटात समाचार घ्या म्हणणारं. मी काही पाळकबाई नाही, पण वाचता मलाही येतं. तिथं अनाथ आणि विधवा एका दमात आल्या आहेत. तुम्ही अनाथ आत घेतला आणि विधवा गावातच राहिली. दोघांना एकाच छपराखाली ठेवून त्या छपराचे पत्रे तुम्ही बदलून दिलेत, तर ती सेवा कमी दर्जाची होईल का? हे मिस्टरांना विचार. ते ‘देव बघेल’ म्हणाले तर त्यांना तीमथ्याचं पहिलं पत्र काढून दे. स्वतःचं घर ज्याला सांभाळता येत नाही तो मंडळी कशी सांभाळणार, असं पौलानंच विचारलं आहे. चिडून नको, चहा देऊन विचार.

तुझ्या ओढाताणीचं मूळ मला इथं दिसतं. तू दोन मुलांची आई आहेस आणि ३१ मुलांची आई व्हायचा प्रयत्न करते आहेस. कुणाही बाईला ते जमणार नाही, कितीही प्रार्थना केली तरी. वेळाची वाटणी कशीही कर, ती पुरणार नाही. त्या मुलांसाठी तुझं काम आई होण्याचं नाही. ती ज्याची आहेत त्याच्याकडे ती नीट पोचतील आणि तिथं टिकतील, हे बघण्याचं आहे.

एका रात्रीत १९ पिशव्या भरून गाडीत घालू नकोस, तो दुसरा अन्याय होईल. तिथल्या चिल्ड्रन्स ऑफिसरकडे, म्हणजे मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जा. मुलं कोर्टाच्या आदेशानं तुमच्याकडे असतील, तर बाहेरही रीतसरच गेली पाहिजेत. तो तुला बघून दचकणार नाही. केनियानं २०१७ सालीच नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ साली मुलांचा नवा कायदा आला, आणि त्याच वर्षी मुलांना संस्थांतून कुटुंबात नेण्याची दहा वर्षांची योजनाही जाहीर झाली. म्हणजे हे बदलणारच आहे. तुम्ही आपणहून केलंत तर मुलांच्या कलानं होईल. (आपल्याकडेही २०१५ च्या बालन्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मूल कुटुंबातच वाढावं म्हणून पैसे मिळतात. तेव्हा हे काही परक्यांचं खूळ नाही.)

प्रत्येक मुलामागे घर बघायला कुणीतरी प्रत्यक्ष जावं. आजीची तब्येत कशी आहे, घरात दारू आहे का, मुलगी कुणाबरोबर झोपणार, शाळा किती लांब. गोळ्या घेणाऱ्या सहा मुलांची नावं गावाजवळच्या दवाखान्यात आधी नोंदवा. एकाही दिवसाचा डोस चुकता कामा नये, आणि घरात हे कुणाला सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. अनाथ आणि गरजू मुलं सांभाळणाऱ्या घरांसाठी २००४ साली तिथं सरकारी अनुदान सुरू झालं, पुढे ते महिना २,००० शिलिंग झालं. गावातल्या किती आज्यांचं नाव त्यात आहे, ते तपासा. नसेल तर अर्ज भरून देणं हीसुद्धा सेवाच आहे, फक्त तिचा फोटो चांगला येत नाही. तुमच्याकडच्या बायकांना कामावरून काढू नका. त्यांना मुलं माहीत आहेत, भाषा माहीत आहे. त्याच बोडा-बोडावर (भाड्याच्या मोटारसायकलवर) बसून महिन्याला घरं बघून येतील. जिथं मारहाण किंवा उपासमार दिसेल तिथून मूल परत येईल, ही सोयही ठेवा. उरलेल्या १२ मुलांत खरोखर कुणीच नसलेली काही असतील. त्यांना तुझ्या घराची गरज आहे, आणि १२ मुलांच्या घरात तुला त्यांच्याकडे बघायला वेळही मिळेल.

पैशाचं मिस्टरांना आधी सुचेल, म्हणून सांगते. मुलामागे डोई मोजून देणगी येत असेल तर मुलं कमी झाली की पैसे कमी होतील, ही भीती खरी आहे. या भीतीपोटी मुलं ठेवून घेणाऱ्या संस्था जगभर आहेत, त्यात तुम्ही बसू नका. दरवर्षी देणगीदारांना प्रार्थनापत्र जातं ना, त्यात या वेळी सरळ लिहा: मुलं घरी जात आहेत, आता पैसे गणवेशाला, शेळ्यांना, छपराच्या पत्र्यांना लागतील. काही जण गळतील. जे राहतील ते अशा कामाला अधिक उपयोगी पडतील.

सुट्टीत दोन आठवड्यांसाठी पाहुण्यांची टोळी येत असेल तर तीही थांबवा. अनोळखी माणसाच्या मांडीवर चढून बसणारी मुलं प्रेमळ दिसतात, पण दर वर्षी निरोप घेऊन घेऊन ती तशी झालेली असतात. तुझी मुलगीही दर वर्षी तेच निरोप देते, हे लक्षात आलंय का? हौसेनं यायचंच असेल तर येऊन पाण्याची टाकी बांधा म्हणावं, मुलं उचलू नका.

तुझ्याबद्दल तू एवढंच लिहिलंस की थकतेस. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी घे आणि रक्त तपासून घे. साडेचारला उठणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कुणी बघत नाही.

सुरुवात कुणापासून करायची ते तुला आत्ताच ठाऊक आहे. डिसेंबरात जो पोरगा सगळ्यांत आधी पिशवी भरतो आणि जानेवारीत सगळ्यांत शेवटी परत येतो, त्याची फाइल घेऊन ऑफिसरकडे जा. तो काय म्हणाला ते मला लिही, आणि मुलीला ताप पुन्हा आला होता का, तेही.

— मावशी