मेरिडाचा आवाज कोणाचा?

तुम्ही विचारलंय: 'ब्रेव्ह' या ॲनिमेशन सिनेमातल्या मेरिडाला आवाज देणारी बाई कोण, आणि ती पडद्यावरही दिसते की फक्त आवाजच देते?

ती केली मॅकडॉनल्ड. आवाज देणं हा तिच्या कामाचा छोटासा भाग. पडद्यावर ती १९९६पासून आहे आणि माझी फार आवडती नटी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जन्म १९७६चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. अभिनयाचं शिक्षण काही नाही. ग्लासगोत बारमध्ये काम करत असताना 'ट्रेनस्पॉटिंग'साठी नवे चेहरे हवेत असं एक पत्रक तिच्या हाती पडलं. ती ऑडिशनला गेली आणि डायॅन नावाच्या मुलीची भूमिका घेऊन परतली. नाइटक्लबबाहेर नायक तिच्या मागोमाग येतो, तो प्रसंग बघा. टॅक्सीपाशी उभी राहून ती एका दमात त्याला असं काही सुनावते की त्याला पुढे बोलायला जागाच राहत नाही. ही पोरगी पहिल्यांदाच सिनेमात काम करतेय हे खरं वाटत नाही. (सिनेमा हेरॉइनच्या व्यसनावरचा आहे, मुलांसोबत बघण्यासारखा नाही.)

मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते बोलीचं. 'गॉसफर्ड पार्क'मध्ये ती उमराव घरातल्या बाईची स्कॉटिश मोलकरीण आहे, सगळं कान देऊन ऐकणारी. 'बोर्डवॉक एम्पायर' मालिकेत पाच सीझन आयरिश विधवा. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्ये तर थेट टेक्ससची कार्ला जीन. त्यात शेवटाकडे मारेकरी तिच्यासमोर नाणं ठेवतो आणि छापा की काटा ते सांग म्हणतो. ती सांगत नाही. निर्णय नाण्याचा नाही, तुझा आहे, असं त्याला म्हणते. आवाज चढत नाही, रडारड नाही. नुकतीच आईला मूठमाती देऊन आलेली, थकलेली बाई जशी बोलेल तशी बोलते. हा प्रसंग मी कितीदा पाहिलाय आणि दर वेळी घशात आवंढा येतो.

अशा परक्या बोलीही बोलून झाल्यावर २०१२मध्ये मेरिडा आली, स्कॉटलंडची राजकन्या, म्हणजे केलीची घरचीच बोली. आधी ही भूमिका अमेरिकन नटी रीझ विदरस्पूनकडे होती. तिने ती सोडली आणि केलीकडे आली. माझ्या मते हे फार बरं झालं. धनुष्याच्या स्पर्धेत मेरिडा स्वतःच उतरते, दोर ओढायला जाते आणि अंगाला आवळलेला झगा तिला हात मागे नेऊ देत नाही. ती चिडून शिवण उसवते आणि मग बाण सोडते. तिथला तो त्रागा घरच्या भाषेतला आहे, शिकून आणलेला वाटत नाही. तुम्ही डब केलेला सिनेमा पाहिला असेल तर एकदा मूळ आवाजात जरूर लावा.

त्याच सिनेमात एका सरदाराचा मुलगा असं बोलतो की कुणालाच कळत नाही. ती निरर्थक बडबड नाही. ती डोरिक, स्कॉटलंडच्या ईशान्येकडची बोली. मालवणी पहिल्यांदा ऐकणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाची जी अवस्था होईल तीच तिथल्या इतरांची होते. त्याला आवाज देणारा केव्हिन मॅकिड त्याच भागातल्या एल्गिनचा, आणि 'ट्रेनस्पॉटिंग'मधला टॉमीही तोच. सोळा वर्षांनी दोघं पुन्हा एका सिनेमात आले, तेही आपापल्या बोलीत.

टीव्हीसाठी केलेल्या 'द गर्ल इन द कॅफे'बद्दल तिला २००६मध्ये एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. 'लाइन ऑफ ड्यूटी'च्या सहाव्या सीझनमध्ये ती पोलीस अधिकारी आहे.

पण एकच सिनेमा बघणार असाल तर २०१८चा 'पझल' बघा, कारण त्यात तिच्यासमोर आपला इरफान खान आहे. सुरुवातीलाच घरात पार्टी चाललेली असते. ॲग्नेस पाहुण्यांना खायला आणून देते, फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करते, मग मेणबत्त्या लावलेला केक स्वतःच घेऊन येते. तेव्हा आपल्याला कळतं की वाढदिवस तिचाच आहे. भेटींमध्ये एक जिगसॉ पझल निघतं, ती ते जुळवायला बसते, आणि पुढे त्याच नादापायी न्यूयॉर्कला इरफानच्या दारात जाऊन उभी राहते. एका टेबलाशी बसून दोघं तुकडे लावत असतात, फारसं बोलतही नाहीत. त्या शांततेसाठी तरी बघाच.