शेवटी खरं विधान आलं, तरी सिद्धता चूक कशी?

तुमच्या मुलाने (अ + ब)/२ ≥ √(अब) ही पहिलीच ओळ लिहिली. मग दोन्ही बाजूंचा वर्ग करून (अ + ब)² ≥ ४अब, तिथून (अ − ब)² ≥ ०, आणि खाली 'हे सत्य आहे, ∴ साध्य सिद्ध'. सरांनी तीनपैकी शून्य दिला. 'एकही पायरी चुकलेली नसताना गुण का गेले?' असं तुम्ही विचारताय.

गेले, कारण साध्यापासून निघून खऱ्या विधानाला पोचणं म्हणजे सिद्धता नव्हे. −१ = १ लिहा, वर्ग करा, १ = १ आलं. झालं सिद्ध?

यावर 'पण इथलं साध्य खरंच आहे की!' हे ठरलेलं उत्तर येतं. बरं, मग तीच वही घ्या आणि अ = ब = −२ ठेवा. शेवटची ओळ ० ≥ ०, खरी. मधली १६ ≥ १६, तीही खरी. पहिली? −२ ≥ २. पक्षात 'अ, ब ≥ ०' दिलं होतं आणि पोराने ते कुठेच वापरलेलं नाही. दिलेली अट न वापरता सिद्धता संपली की आधी स्वतःवर संशय घ्यावा.

आता सुलट लिहा. (अ − ब)² ≥ ०, कारण वर्ग ऋण नसतो. दोन्हीकडे ४अब मिळवा: (अ + ब)² ≥ ४अब. आता वर्गमूळ. अ + ब ऋण नाही, म्हणून √(अ + ब)² म्हणजे अ + ब च. अट लागते ती नेमकी इथे. मग २ ने भागा. ओळी त्याच, पण उलट लिहिताना ही एक जागा झाकली जाते.

कच्च्या कामात उलटं जायला काहीच हरकत नाही, वाट तशीच सापडते. अलेक्झांड्रियाचा गणिती पॅपस याने चौथ्या शतकातच विश्लेषण (साध्यापासून मागे जात वाट शोधणं) आणि संश्लेषण (तीच वाट सुलट लिहिणं) असे दोन भाग सांगितलेत. आपल्याकडे पहिलाच भाग पक्क्या वहीत उतरवतात.

ही खोड बहुधा दहावीच्या त्रिकोणमितीत लागते. डावी बाजू (डा.बा.) सोडवत उजव्या बाजूपर्यंत (उ.बा.) जाणं ठीक, दोन्ही बाजू वेगवेगळ्या सोडवून एकाच राशीवर आणणंही ठीक. पण डा.बा. = उ.बा. हेच डोक्यावर लिहून वर्ग करत सुटायचं? साइन थीटा = √(१ − कॉस² थीटा) घ्या. वर्ग केल्यावर नेहमीच खरं. थीटा २१०° असेल तर मूळ विधानात डावीकडे −१/२, उजवीकडे १/२. दहावीत कोन लघुकोन असतात म्हणून खपून जातं, आणि 'उत्तर जुळलं ना, मग झालं' म्हणणाऱ्यांचं फावतं. त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही.

शून्य मात्र मीही दिला नसता. क्रम उलटा आणि एक कारण गायब, एवढ्याला एक गुण कापला असता. ओळींमध्ये ⇔ (म्हणजे 'वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडे जाता येतं') घालून वर्गाच्या पायरीशी 'दोन्ही बाजू ऋण नाहीत' असं लिहिलं असेल, तर तोही कापता येत नाही. वही पुन्हा उघडून बघा, तसं काही लिहिलंय का ते.