‘अ व्ह्यू टू अ किल’ हा खरंच सगळ्यात वाईट बाँडपट आहे, की उगाच बदनाम झालाय?

सगळे बाँडपट क्रमाने बघत तुम्ही रॉजर मूरच्या शेवटच्या सिनेमापर्यंत आलात आणि आता अडलात. निम्मे लोक म्हणतात हा सोडून पुढे जा, निम्मे म्हणतात हाच आमचा लाडका. माझं मत विचाराल तर सोडू नका. एवढंच उत्तर हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय आणि तिन्ही वेळा माझं मत वेगळं झालं. पहिल्यांदा शाळेत असताना. त्या वयात मोठी माणसं सगळी एकाच वयाची वाटतात, त्यामुळे मूर म्हातारा दिसतोय हे मला कळलंच नाही. दुसऱ्यांदा तिशीत, सगळे बाँडपट ओळीने बघताना, तुमच्यासारखंच. तेव्हा चक्क लाज वाटली. तिसऱ्यांदा अलीकडे पाहिला आणि जे खटकायला हवं होतं ते खटकलं नाही, दुसरंच काहीतरी खटकलं.

आधी विरोधकांचं ऐकू, कारण त्यांचं बरंचसं खरं आहे. मूरचा जन्म ऑक्टोबर १९२७ चा. ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये, म्हणजे १९७३ साली, तो पहिल्यांदा बाँड झाला तेव्हाच पंचेचाळिशीचा होता. १९८५ मध्ये हा सातवा सिनेमा लागला तेव्हा सत्तावन्न. ज्याच्या जागी तो आला तो शॉन कॉनरी त्याच्यापेक्षा जवळपास तीन वर्षांनी लहान, हे लक्षात घेतलं की हिशेब किती उलटा होता ते कळतं. नायिका स्टेसी झालीय टान्या रॉबर्ट्स. तिच्या आईपेक्षा आपण वयाने मोठे आहोत हे कळल्यावर आपली वेळ झाली हे उमगलं, असं मूरने स्वतःच नंतर सांगितलंय. या सिनेमावरचे सगळ्यात बोचरे विनोद त्यानेच केलेत, त्यामुळे आपण नवीन काय बोलणार!

पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मूरचं वय हा दोष नाही. वय झालंच नाही असं सोंग सिनेमा आणतो, तिथे सगळं बिघडतं.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. कथेत सैबेरिया, चित्रीकरण आइसलंड आणि स्वित्झर्लंडचं. बर्फावरची दृश्यं विली बोग्नरने टिपलेली आहेत, आणि ती खरोखर सुंदर आहेत. पण डोंगरउतारावरून झेपावणारा माणूस एक आणि पुढच्या क्षणी जवळून दिसणारा चेहरा दुसऱ्याचाच. हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि मग पूर्ण सिनेमाभर तुम्ही नकळत जोड शोधत बसता. त्यावर कडी म्हणजे बाँड मोडक्या स्नोमोबाइलच्या तुकड्यावर उभा राहून घसरायला लागतो आणि मागे ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ वाजायला लागतं. पाठलागातला ताण तिथल्या तिथे मेला. तरुणांना आवडावं म्हणून केलेली ही गोष्ट आज सिनेमातली सगळ्यात शिळी गोष्ट झालीय.

याच्या अगदी उलट, बाँडचा साथीदार टिबेट. ही भूमिका पॅट्रिक मॅक्नीची, तो मूरपेक्षाही पाच वर्षांनी मोठा. साठच्या दशकात ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश मालिकेत (ते सुपरहिरोवाले वेगळे) रुबाबदार हेराची भूमिका करून गाजलेला माणूस. इथे तो बाँडचा ड्रायव्हर-कम-नोकर असल्याचं सोंग करतो. फ्रान्समधल्या शांतियीच्या भव्य शातोमध्ये (म्हणजे वाड्यात) बाँड श्रीमंत घोडेवाला बनून आलाय, टिबेट बॅगा उचलून धापा टाकतोय, आणि बाँड चारचौघांत त्याला झापतोय. टिबेटला राग गिळावा लागतो, कारण नोकराने उलटून बोलायचं नसतं! खोलीत चोरून ऐकायचं यंत्र लावलंय हे कळल्यावर दोघे आधीच टेप केलेलं भांडण लावून देतात आणि आपलं काम करतात. दोन मुरलेले म्हातारे नट, हातात फारसं काही नाही, फक्त टायमिंग. कुठेही डमी लागत नाही. तिसऱ्या वेळी मी हा भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

आणि मग टिबेट मारला जातो. (हे आधीच सांगतोय, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाचं रहस्य कितीसं जपायचं?) त्यानंतर मूर एकटा पडतो आणि सिनेमाचा तोल जातो. लोक कुठल्या कुठल्या प्रसंगाला दोष देतात, पण माझ्या मते घसरण इथून सुरू होते.

एक छोटी जागा पुन्हा सावरते. स्टेसीच्या घरी बाँड स्वयंपाकघरात शिरून तिच्यासाठी कीश (अंड्याचा एक फ्रेंच पदार्थ) करतो, आणि पुढे तिला झोप लागल्यावर पांघरूण घालतो. हा बाँड मला पटला. त्याच वाटेने लेखक गेले असते तर शेवट वेगळा झाला असता. पण नाही, शेवटी ठरलेल्या पद्धतीने दोघांना एकत्र आणायचंच होतं. त्या दृश्याला मी आजही मोबाइल बघतो.

आता झोरिन. इथे मात्र मी चाहत्यांच्या बाजूचा. क्रिस्तोफर वॉकन ‘द डीअर हंटर’साठी ऑस्कर घेऊन आलेला नट, आणि तो हा खलनायक अशा काही थंडपणे करतो की समोर बाँड आहे हेच विसरायला होतं. बेत असा: सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हेवर्ड आणि सॅन अँड्रियास या भूभ्रंशांमध्ये (जमिनीखालच्या मोठ्या भेगांमध्ये) पाणी सोडायचं, स्फोट घडवायचे आणि सिलिकॉन व्हॅली बुडवायची, म्हणजे मायक्रोचिपचा बाजार एकट्याच्या खिशात. हे सगळं ‘गोल्डफिंगर’वरून (१९६४) उचललंय. तिथे सोनं, इथे चिप. भागीदारांची बैठक बोलवायची आणि जो नको म्हणेल त्याला वाटेत संपवायचं, हेसुद्धा तिथलंच. भूगर्भशास्त्राचं तर विचारूच नका. शिवाय चिपांची बरीच गिऱ्हाइकंही तिथेच बसलेली, ती बुडाल्यावर हा विकणार कोणाला?

तरीही आज पाहताना झोरिन हसू आणत नाही. १९८५ मध्ये सोनं किंवा अणुबॉम्ब सोडून चिपसाठी जग वेठीला धरणारा माणूस किरकोळ वाटला असेल. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून जगभर गाड्यांचे कारखाने थांबले, त्यानंतर वाटत नाही. आणि हा माणूस ज्वालामुखीत लपून राहत नाही. तो प्रतिष्ठित उद्योगपती आहे, सरकारी कचेरीत त्याची माणसं आहेत, त्याच्या मेजवानीला बडे लोक येतात. नायक म्हातारा झाला, पण खलनायक दर वर्षी तरुण होत चाललाय.

खाणीतला प्रसंग मात्र वादाचा आहे. झोरिन स्वतःच्याच कामगारांना मशीनगनने टिपतो, हसत हसत. मूरला ही हिंसा अजिबात आवडली नव्हती, हा आपला बाँड नव्हे असं त्याचं मत होतं. मला ते पटतं आणि पटतही नाही. वॉकनच्या झोरिनला ते शोभतं. पण त्याआधी थोडाच वेळ आपण अग्निशामक गाडीच्या शिडीला लोंबकळणारा बाँड आणि बावळट पोलीस पाहिलेले असतात. एकाच सिनेमात हे दोन्ही कसं बसणार? दिग्दर्शक जॉन ग्लेनला कुठला सिनेमा करायचा होता, ते शेवटपर्यंत ठरलेलं दिसत नाही.

झोरिनची साथीदार मे डे, तिच्याबद्दल दोन ओळी. ग्रेस जोन्सला संवाद कमी दिलेत, अभिनयाबद्दल लोक कुरकुरतात, पण ती पडद्यावर आली की नजर हलत नाही. आयफेल टॉवरवरून तिची उडी (प्रत्यक्षात बी. जे. वर्थची) आजही श्वास रोखायला लावते. ज्याच्यासाठी इतकं केलं तोच आपल्याला मरायला सोडून गेला, हे कळल्यावरचा तिचा चेहरा बघा. संपूर्ण सिनेमात खरोखर बदलणारी तीच एक.

गाण्याबद्दल दोन्ही गटांचं एकमत आहे. ड्युरान ड्युरानचं शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, बाँडपटाच्या दुसऱ्या कुठल्याही गाण्याला ते आजवर जमलेलं नाही. तीच चाल संगीतकार जॉन बॅरीने संथ करून मधे मधे पेरलीय, तिकडे कान ठेवा.

आणखी एक चुटपुट. १९६२ पासून चौदा सिनेमांत मनीपेनी (बाँडच्या साहेबांची सेक्रेटरी) झालेल्या लोइस मॅक्सवेलचाही हा शेवटचा. ती मूरच्याच वर्षी जन्मलेली. तेवीस वर्षं ही भूमिका केलेली बाई जातेय आणि तिच्या वाट्याला काय, तर घोड्यांच्या शर्यतीत मोठी टोपी घालून ओरडणं. दोघांना निरोपाचं एखादं वाक्य दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर क्रमाने बघत असाल तर एक करा. ‘ऑक्टोपसी’ संपल्यावर लगेच हा लावू नका, आठवडाभर जाऊ द्या, नाहीतर त्याच त्या क्लृप्त्यांचा कंटाळा याच्या माथी मारला जाईल. कंटाळा आलाच तर अग्निशामक गाडीचा पाठलाग पुढे ढकला, काही बिघडत नाही. आणि हा संपला की मात्र थांबू नका, त्याच रात्री ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (१९८७) सुरू करा. दिग्दर्शक तोच, संगीतकार तोच, फक्त बाँड अठरा-एक वर्षांनी तरुण. टिमथी डाल्टन जिब्राल्टरच्या कड्यावर जीपच्या टपाला लटकलेला दिसेल, आणि या वेळी तुम्ही जोड शोधत बसणार नाही.